सोमवारचा डबा

१

काट्यावर एकोणऐंशी पूर्णांक नऊ आले आणि मी तो आकडा फाइलीत लिहिला.

पाच आठवड्यांपूर्वी याच काट्यावर ऐंशी पूर्णांक एक आले होते. त्याच्या आधीच्या तीन आठवड्यांत सव्वादोन किलो उतरले होते. मग गाडी जी थांबली, ती थांबलीच.

काट्यावर उभी असलेली बाई एक्केचाळीस वर्षांची. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासते आणि फ्रेममध्ये बसवते. आमच्या आहार विभागात तिला सगळे चष्मेवाली म्हणतात. तिला स्वतःला चष्मा नाही. तिच्या थोरल्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत आणि ती त्याला आपली एक देणार आहे. रक्तगट जुळला, पुढच्या सगळ्या तपासण्या जुळल्या. अडलं फक्त वजन. तिच्या उंचीच्या दात्याचं वजन अठ्ठ्याहत्तर किलोंच्या वर असेल, तर आमचे सर्जन हात लावत नाहीत.

आहार मी आखून दिला होता. सकाळी आणि रात्री जेवणाच्या जागी प्रोटीन शेक, दुपारी मोजून जेवण. किती प्रथिनं चालतील, ते किडनीच्या डॉक्टरांना विचारून ठरवलं होतं. असा आहार नीट पाळला, तर आठवड्याला अर्धा किलो तरी उतरतंच.

ती पडद्याआड चपला घालत होती, तेवढ्यात प्रत्यारोपणाच्या समन्वयक बाई आत आल्या. त्यांनी आकडा पाहिला आणि हसल्या.

"चोरून खाते," त्या म्हणाल्या.

"तसं वाटत नाही मला."

"तुम्हाला कसं वाटेल? तुम्ही कागदावरच्या कॅलरी बघता, मी माणसं बघते. घरच्यांसमोर नाही म्हणायची हिंमत नसते. मग वजनाकडून नाही म्हणवून घेतात. अशा तीन-चार जणी तरी दरवर्षी बघते मी." त्यांनी फाइल मिटली. "चार आठवड्यांनी समितीची बैठक आहे. तोवर अठ्ठ्याहत्तरच्या आत आली नाही, तर मी 'दाता अनिच्छुक' असा शेरा लिहिणार. तो एकदा पडला, की या रुग्णालयात तिला पुन्हा दाता म्हणून उभं राहता येणार नाही."

पडद्याआड सगळं ऐकू गेलं होतं. ती बाहेर आली ती सरळ माझ्यासमोर उभी राहिली.

"मी काही खात नाही, मॅडम. उलट आताशा भूकच लागत नाही. शेक प्यायला की पोट गच्च होतं."

समन्वयक बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की आता आणखी काय पुरावा हवा.

मला मात्र ते वाक्य खटकलं. दोनशे कॅलरींच्या शेकने कुणाचं पोट गच्च होत नाही. आठ आठवड्यांनंतर तर नाहीच.

"उद्या पावडरीचा डबा घेऊन या," मी म्हणाले. "आत जे जसं असेल तसं. काही पुसू नका, काही धुऊ नका."

२

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तिने डबा माझ्या टेबलावर ठेवला. मी जेवणाच्या सुट्टीत खोलीतच असते. अकरा वर्षं झाली, हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे त्या वेळी कुणी येत नाही.

"कुणी साखर मिसळत असेल का यात?" तिने हळू आवाजात विचारलं. रात्रभर हेच डोक्यात घोळत असावं.

"मिसळली तरी वजनात फरक पडणार नाही," मी म्हणाले. "शंभर ग्रॅम साखरेत चारशे कॅलरी असतात. शंभर ग्रॅम या पावडरीतही चारशेच. एकाच्या जागी दुसरं घातलं, तर प्रथिनं घटतील, कॅलरी तेवढ्याच राहतील. वाढवायच्या तर तूप-तेल मिसळायला हवं."

चिमूटभर पावडर कागदावर दाबून पाहिली. तेलकट डाग पडला नाही. पीठ मिसळलंय का, ते बघायला आयोडीनचा थेंब टाकला. निळं झालं नाही. माझ्याकडच्या सीलबंद डब्यातली पावडर शेजारी ठेवली. रंग, वास, चव, सगळं एक. डब्यात काहीही खोट नव्हती.

"मग मीच खोटी ठरले," ती म्हणाली.

"घरी करता तसा शेक करून दाखवा."

तिने डब्यातला चमचा उचलला, भरला आणि सुरीच्या पाठीने वरची पावडर सपाट केली. काचेच्या कडा घासणारीचा हात होता तो, कण इकडचा तिकडे झाला नाही. असे दोन चमचे. पाणी घातलं, शेकर हलवला आणि ओतला. धार पडायला हवी होती. पडला तो जाडसर लगदा.

मी तिसरा चमचा भरायला लावला आणि त्यातली पावडर टेबलावरच्या लहान काट्यावर ओतली. डब्यावर छापलं होतं, एक चमचा म्हणजे सत्तावीस ग्रॅम. काटा दाखवत होता चोपन्न.

ती आकड्याकडे बघत राहिली. चमचा पांढराच होता, दांडाही तसाच, फक्त वाटी खोल. व्यायामशाळेत जाणाऱ्यांच्या मोठ्या डब्यांत असले चमचे येतात. तळाशी ग्रॅमचा आकडा कोरलेला असतो. इथे आकडा नव्हता. त्या जागी बोट फिरवलं, तर गुळगुळीत लागलं. कुणीतरी बारीक पॉलिश कागदाने घासून, वर झिलई करून आकडा घालवला होता.

"इतका बारीक कागद कुठे मिळतो?" मी विचारलं.

तिने आपल्या बोटांकडे पाहिलं. नखांच्या कडेला पांढरी पूड होती.

"आमच्या दुकानात," ती म्हणाली.

३

त्या क्षणी मलाही समन्वयक बाईंचं म्हणणं पटलं होतं, हे कबूल करायला हवं.

"दर डब्यात नवा चमचा येतो," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "तुम्ही हा एकच कसा वापरता?"

"नवा चमचा तळाशी गाडलेला असतो. तो काढायला कोपरापर्यंत हात घालावा लागतो. ते मला घाण वाटतं. पहिल्या डब्यातला चमचा वर काढून ठेवला, तोच पुढे वापरतेय. नवे सगळे डब्यांबरोबर जातात."

हे मी याआधी कधी विचारलं नव्हतं. चमचा कुठला, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. म्हणजे पहिला चमचा एकदाच बदलायचा आणि पुढे काही करायची गरज नाही.

की गरज होती?

"डबा किती दिवस पुरतो?"

"बरोबर सात. सोमवारी सकाळी नवा उघडते, रविवारी रात्री संपतो. सुरुवातीपासून तसंच."

मी कागद ओढला. डब्यात अठ्ठावीस चमचे पावडर. दिवसाला चार. सात दिवस. बरोबर. पण चमचा दुप्पट झाला, तर डब्यात चौदाच चमचे. सोमवार, मंगळवार, बुधवार मिळून बारा, गुरुवारी सकाळी दोन. गुरुवारी रात्री डब्यात काही उरायला नको.

"तरी तो रविवारपर्यंत पुरतो," मी म्हणाले.

तिचा चेहरा हळूहळू बदलला. "म्हणजे मधेच कुणीतरी भरतं?"

"हीच पावडर आणून, तुमच्या नकळत. दर आठवड्याला."

"घरात आम्ही चौघंच आहोत, मॅडम."

"तुम्ही धरून चौघं," मी म्हणाले, आणि लगेच वाटलं की शेवटचे शब्द बोलायला नको होते.

डबा पिशवीत भरताना तिने एवढंच विचारलं, "आता मी काय करू?"

"चमचा हाच वापरा, अर्धा भरा. कुणाला सांगू नका. रविवारी मी घरी येते."

४

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. स्वयंपाकघरात भिंतीला टेकवलेलं चार खुर्च्यांचं टेबल, आणि तीन खुर्च्यांवर इस्त्रीचे कपडे.

"त्यावर कुणी बसतच नाही," वहिनी म्हणाली. "यांचं बिनमिठाचं आधी. आईंना सातलाच लागतं. वन्सं त्यांचा तो पांढरा रंग ओट्याशी उभ्यानेच पितात. मी उरलेलं खाते, टीव्हीसमोर. चार माणसांच्या चार वेळा."

"वन्संचं दुपारचं जेवण तुम्हीच बांधून देता ना?"

तिने ओटा पुसायचा थांबवला. "तेल जास्त घालते का, हेच विचारायचंय ना? सरळ विचारा. माझा नवरा आहे तो. तीन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर बघतेय. वन्संचं वजन उतरावं म्हणून मी त्यांच्या पोळीला तूप लावायचं सोडलं आणि आमच्या सासूबाईंची बोलणी खाल्ली."

सासूबाई आत पलंगावर बसल्या होत्या. पंच्याहत्तरीच्या, ऐकायला थोडं कमी येणाऱ्या. मला जवळ बसवून घेतलं.

"बाई, एक विचारू? एकाच दिवशी दोघांना आत नेणार म्हणे."

"हो. शेजारशेजारच्या खोल्यांत."

"आणि मी बाहेर बाकावर." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "पोरीला म्हटलं, नीट जेव गं, अंगात ताकद हवी. तर सून म्हणते, आई, जेवू नका म्हणा. मुलाला म्हटलं, पाणी पी. तर म्हणते, मोजून प्या म्हणा. आता मी कुणालाच काही म्हणत नाही."

"त्यांच्या पावडरीच्या डब्याला कधी हात लावलात?"

"एकदा वास घेतला. दूध नासल्यासारखा होता. पोरगी तो कागद आणते ना दुकानातून, बारीक, त्याने मी तव्याचं बूड घासते. तेवढाच काय तो तिच्या सामानाला हात."

कागद घरात सगळ्यांच्या हाताशी होता तर.

भाऊ गॅलरीत बसला होता. सुतारकाम शिकवायचा, आजारपणात नोकरी सुटली. हाताच्या शिरा फुगलेल्या, बोलणं गमतीचं.

"माझी चौकशी सगळ्यांत शेवटी? मला वाटलं, मी पहिला आरोपी असेन."

"तुमचं तर यात भलंच आहे."

"ते आहेच. मला पाणीसुद्धा मापून मिळतं, मी कुणाचं माप काय बिघडवणार?" तो रस्त्याकडे बघत राहिला. "मी नको म्हटलं होतं. दोनदा. एकदा आईसमोर, एकदा डॉक्टरांसमोर. सगळ्यांना वाटलं, लाजतोय."

"खरंच नको होतं?"

"आता काय त्याचं," तो म्हणाला. "चिमी हट्टी आहे."

बहिणीला तो चिमी म्हणत असावा. आतून तिचा आवाज आला, "दादा, गोळी घेतलीस का?" आणि तो उठला.

५

चष्मेवाली मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. कुणी मनमोकळं बोलायला मिळालं, की माणसं असा थोडा जास्तीचा रस्ता चालतात.

"या पाच आठवड्यांत कधीच डबा लवकर संपला नाही?" मी विचारलं. "एकदाही?"

ती थांबली. "एकदा संपला होता. गुरुवारी. रात्री शेक करायला गेले, तर डबा रिकामा. मला वाटलं, आईने सांडला असेल आणि बोलत नसेल. तिला वाईट वाटेल म्हणून मी विचारलंही नाही. शुक्रवारी दुसरा आणला."

"तो आठवडा नीट आठवा. घरात काय चाललं होतं?"

"दादाला ताप आला होता. हाताच्या सुईच्या जागी इन्फेक्शन झालं म्हणून सोमवार ते शनिवार रुग्णालयात ठेवून घेतलं होतं. वहिनी दिवसभर त्याच्याजवळ असायच्या आणि झोपायला घरी यायच्या."

"आई?"

"घरीच. तिला जिने झेपत नाहीत."

"आणि तुम्ही?"

"मी दुकान आणि घर." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "का? कोण आहे, मॅडम?"

रस्त्यावर एक माणूस कुत्र्याला फिरवत होता. तो पुढे जाईपर्यंत मी थांबले. उत्तर मला मिळालं होतं, पण ते माझ्या तोंडून तिला कळायला नको होतं.

"बुधवारी दुपारी सुट्टी मिळेल? तीन वाजता डायलिसिसच्या खोलीत या."

६

बुधवारी अडीचला मी त्याच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढलं. त्याचं रक्त नळीतून मशीनमध्ये जात होतं आणि परत येत होतं. अजून दीड तास त्याला तिथून हलता येणार नव्हतं. मला ते थोडं अन्यायाचं वाटलं, पण मी बसले.

"एका गुरुवारी डबा संपला," मी म्हणाले. "चमचा मोठाच होता, माप दुप्पटच जात होतं. फक्त त्या आठवड्यात मधे कुणी डबा भरला नाही. भरणारी आई असती, तर ती घरी होती. वहिनी रोज रात्री घरी येत होत्या. तुमची बहीण स्वतः असती, तर ती सहाही दिवस घरीच होती. घरात एकदाही पाऊल न टाकलेला माणूस एकच होता."

त्याने डोळे मिटले.

"चमचा व्यायामशाळेचं सामान विकणाऱ्याकडून आणला," तो म्हणाला, "आकडा मीच घासला. हात अजून चालतो, बघितलंत ना? पावडर इथून खालच्या दुकानातून घेतो. डायलिसिसच्या पिशवीत आणतो. त्या पिशवीला घरात कुणी हात लावत नाही, आतलं बघायला नको वाटतं सगळ्यांना. रोज रात्री सगळे झोपले, की तिने जास्तीची काढलेली तेवढी डब्यात परत घालायची."

"तिला अनिच्छुक ठरवतायत, माहीत आहे?"

डोळे उघडले. "अनिच्छुक म्हणजे?"

"तिलाच किडनी द्यायची नाही, म्हणून ती चोरून खाते, असं. फायलीवर लिहिणार आहेत."

हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या कल्पनेत वजन अडलं असतं, डॉक्टरांनी मान हलवली असती, सगळ्यांनी नशिबाला दोष दिला असता आणि बात संपली असती. बहिणीवर आळ येईल, हे त्याच्या मोजमापात नव्हतंच.

"माझं नाव घालून त्यांना लिहून द्या," तो म्हणाला.

"देते. पण तिला तुम्ही सांगायचं. ती दारात आहे."

चष्मेवाली दाराच्या काचेपाशी उभी होती. किती ऐकलं होतं कोण जाणे. ती आत आली आणि त्याच्या पायांशी उभी राहिली.

"का, दादा?"

"दोनदा नको म्हटलं होतं. कुणी ऐकलं?"

"तेव्हा का नको, ते नाही सांगितलंस."

"सगळ्यांसमोर काय सांगू?" तो म्हणाला. "मला द्यायला तू आहेस, चिमे. उद्या तुझी उरलेली एक बिघडली, तर तुला द्यायला कोण आहे? नवरा नाही, पोर नाही. आई जाणार. माझी तुझ्या कामाची नाही. मी सगळ्यांची नावं मोजून पाहिली. एकही निघालं नाही."

मशीनची चाकं फिरत राहिली. शेजारच्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड केलं.

"मीही मोजली होती," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी. तुला काय वाटलं, मी न मोजता आले?"

"मग?"

"मग काय? द्यायला कुणी नाही, हे कळलं. पण तेव्हा दवाखान्यात माझ्याबरोबर यायला कोण असेल? फॉर्मवर जवळचा नातेवाईक असा रकाना असतो. तुझ्या फॉर्मवर तीन नावं बसतात. तू नसलास, तर वहिनी माहेरी जातील, आणि जायलाच हवं त्यांनी. आई किती दिवस? मी त्या रकान्यात काय लिहू, दुकानाच्या मालकाचं नाव?"

त्याने मोकळ्या हाताने नळी सरळ केली.

"मला तुझं उपकाराबिपकाराचं काही नको," ती म्हणाली. "मला त्या रकान्यात लिहायला माणूस हवंय."

मी स्टूल तिच्याकडे सरकवलं आणि बाहेर आले. माझ्या नोकरीच्या कागदांत त्या रकान्यात अजून आईचं नाव आहे. तिला जाऊन सहा वर्षं झाली. दर वर्षी बदलायचं ठरवते.

७

समन्वयक बाईंना मी दोन पानं लिहून दिली, आकडेमोडीसकट. त्यांनी दोन्ही पानं वाचली, दुसरं पुन्हा वाचलं आणि चष्मेवालीला खोलीत बोलावून "मी चुकले," एवढंच म्हणाल्या. त्यांच्याकडून ते निघणं सोपं नव्हतं.

बैठकीच्या सकाळी काट्यावर सत्त्याहत्तर पूर्णांक सहा आले.

समितीत नियमाप्रमाणे दात्याला एकटीला आत बोलावतात आणि विचारतात, कुणाच्या दबावाखाली नाही ना, मागे फिरायचं असेल तर आत्ताही फिरता येईल. ती पाच मिनिटांत बाहेर आली. घेणाऱ्याला असं काही विचारायची पद्धत नाही. ज्याला मिळणार, त्याला काय विचारायचं, असं सगळ्यांनीच धरून चाललेलं असतं. या वेळी मी अर्ज करून तसं करायला लावलं होतं.

तो आत गेला. दार अर्धवट उघडं होतं. समन्वयक बाईंनी तेच वाक्य त्याच्यापुरतं फिरवून विचारलं. नको असेल तर नको म्हणता येईल, कारण विचारणार नाही, घरच्यांना वैद्यकीय अडचण आहे असं आम्ही सांगू.

बाहेर बाकावर आई, वहिनी आणि चष्मेवाली बसल्या होत्या. तिघी एकाच बाकावर, एकमेकींना खेटून. आत इतका वेळ कुणी बोललं नाही, की आईने सुनेला विचारलं, "काय म्हणाला गं? मला ऐकू आलं नाही."

"अजून काही म्हणाले नाहीत, आई."

चष्मेवाली दाराकडे बघत नव्हती. हात मांडीवर ठेवून ती समोरच्या भिंतीकडे बघत होती.

मग आतून त्याचा आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा, आईला ऐकू जाईल असा.

"घेतो," तो म्हणाला. "तिला विचारा, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं एका खोलीत राहिलो तर चालेल का."